ब्रॉयलर शेडमधली साल्मोनेला-कॅम्पिलोबॅक्टर तपासणी: रिपोर्ट निगेटिव्ह, मग मांसात जिवाणू कुठून?

शंकासुर
एक कोडं टाकतो. समजा २०,००० ब्रॉयलरची शेड आहे, लिफ्टिंग (पक्षी पकडून कत्तलीला नेणं) ३८व्या दिवशी. ३५व्या दिवशी एक जोडी बूट स्वॅब (बुटांवर चढवून शेडमध्ये चालायचं कापडी आवरण) फिरवून लॅबला जाते आणि त्याच स्वॅबवर साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर (मांसातून माणसाला विषबाधा करणारे जिवाणू) दोन्ही बघितले जातात. साल्मोनेलाचा रिपोर्ट कधी पॉझिटिव्ह, कधी निगेटिव्ह, पण येतो तेव्हा पक्षी गेलेले असतात. कॅम्पिलोबॅक्टर बॅचमागून बॅच निगेटिव्ह. आणि कत्तलीनंतर मानेच्या कातडीत बघावं तर तोच कॅम्पिलोबॅक्टर भरभरून.

घोळ शेडमध्ये आहे, वाटेत आहे की लॅबमध्ये? एका नमुन्यात दोन्ही भागतात का? पक्षी ठणठणीत, मरतुक नेहमीएवढीच, खाद्याचा हिशोबही चोख. त्यामुळे "पक्ष्यांकडे बघून अंदाज घ्या" हा सल्ला नको.

पेट्रीडिश
तो सल्ला कुणी देऊही नये. ब्रॉयलरच्या आतड्यात हे दोन्ही जिवाणू बहुतेक वेळा मुकाट राहतात. कॅम्पिलोबॅक्टर तर सीकममध्ये (आंधळ्या आतड्यात) दर ग्रॅमला १० लाख ते १० कोटी असला तरी पक्षी खात-पीत, वजन घेत असतो. म्हणून तर मुद्दाम शोधावं लागतं.

तुमच्या मांडणीतली मोठी चूक तुम्हीच लिहिली आहे: दोन्हींना एकच नमुना, एकच दिवस. या दोघांचे स्वभाव एकदम उलटे आहेत.

साल्मोनेला चिवट. कोरड्या धुळीत, जमिनीवर अंथरलेल्या तुसात, पंख्याच्या पात्यांवर महिनोन्‌महिने टिकतो. पण कळपात विखुरलेला असतो. थोडे पक्षी, तेही अधूनमधून, विष्ठेतून टाकतात. म्हणून नमुना पसरट हवा आणि लॅबमध्ये आधी त्याची संख्या वाढवून मग शोधायचा.

कॅम्पिलोबॅक्टर संख्येने अफाट पण नाजूक. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन त्याला सोसत नाही, कोरडं पडलं की मेला. पहिले दोन-तीन आठवडे तो सहसा सापडतच नाही. आईकडून आलेली प्रतिपिंडं त्या काळात पिल्लांना सांभाळतात असं मानलं जातं. एकदा शिरला की काही दिवसांत जवळजवळ अख्खा कळप भरतो. म्हणजे इथे पसरट नमुन्यापेक्षा नमुना ताजा आणि ओला असणं महत्त्वाचं, आणि कत्तलीच्या जितकं जवळ तितकं बरं.

तुमचा स्वॅब दिवसभर गाडीत वाळत गेला असेल तर साल्मोनेला तग धरेल, कॅम्पिलोबॅक्टर नाही. "बॅचमागून बॅच निगेटिव्ह" याचं सगळ्यात साधं उत्तर हेच.

तूसगादी
पेट्रीडिशशी सहमत. पण साल्मोनेलाचा "कधी पॉझिटिव्ह कधी निगेटिव्ह" हा प्रकार मला स्वॅब फिरवण्यातला वाटतो. एक जोडी कमी आहे. युरोपीय संघाच्या २००/२०१२ या नियमात ब्रॉयलरसाठी कत्तलीआधीच्या तीन आठवड्यांत किमान दोन जोड्या सांगितल्या आहेत, प्रत्येक जोडीने साधारण निम्मी शेड. दोन्ही जोड्या एकत्र करून एकच तपासणी चालते, त्यामुळे लॅबचा खर्च वाढत नाही, फक्त चालणं वाढतं.

पद्धत नीट लिहितो, कारण बारीकसारीक गोष्टींतच घात होतो.

बूट स्वॅब म्हणजे शोषक कापडाची मोज्यासारखी नळी. आधी फूटबाथ, मग शेडचे बूट, त्यावर नवं प्लास्टिकचं आवरण आणि सगळ्यात वर स्वॅब. हा क्रम उलटला, म्हणजे स्वॅब चढवून फूटबाथमध्ये पाय दिला, तर जंतुनाशकाने स्वॅब आधीच मेला. हे हसण्यावारी नेऊ नका, दारातच फूटबाथ ठेवलेला असतो आणि पाय सवयीने पडतो.

स्वॅब चढवण्याआधी ओला करायचा. ०.८ टक्के मीठ आणि ०.१ टक्के पेप्टोनचं निर्जंतुक द्रावण उत्तम. ते नसेल तर निर्जंतुक पाणी. निपल लाइनचं (पक्ष्यांच्या पिण्याच्या नळीचं) पाणी नको, त्यात क्लोरीन किंवा ऍसिड असू शकतं. कोरड्या स्वॅबला तुसाची वरची धूळ तेवढी लागते, विष्ठा चिकटत नाही.

मधल्या गल्लीतून सरळ जाऊन परत येणं म्हणजे नमुना घेणं नव्हे. प्रत्येक पायाने किमान १०० पावलं, तीही नागमोडी: खाद्याची रांग, पाण्याची रांग, भिंतीकडेची पट्टी, पंख्याकडचं टोक, दाराजवळचा भाग. निपल गळून ओली झालेली जागा टाळू नका, आणि फक्त तीच तुडवू नका. पाय किंचित घासत चालायचं. शेडमध्ये जाळीचे कप्पे असतील तर प्रत्येक कप्प्यात पाऊल पडायलाच हवं.

काढताना वरची कड धरून स्वॅब उलटा करत सोलायचा, म्हणजे तूस आणि विष्ठा आत राहते आणि स्वच्छ बाजू बाहेर येते. झटकायचा नाही! नीटनेटकेपणाच्या नादात लोक नेमका माल झटकून टाकतात. सरळ निर्जंतुक पिशवीत, तोंड बांधून, लेबल पिशवीच्या बाहेर. हातमोजे प्रत्येक शेडला नवे.

शंकासुर
तुसात ऍसिड मिसळलेलं असेल तर? अमोनिया कमी करायला सोडियम बायसल्फेट टाकतात.

तूसगादी
टाकल्या टाकल्या नमुना घेऊ नका. तुसाच्या वरच्या थराचा पीएच खाली असतो तेव्हा स्वॅबवर जिवाणू कमी येतात आणि जे येतात ते अर्धमेले. असा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर त्यातून एवढंच कळतं की त्या दिवशी वरचा थर आंबट होता. हेच प्रतिजैविकांना लागू. कळपाला पाण्यातून औषध चालू असताना किंवा नुकतं थांबलेलं असताना घेतलेला नमुना निगेटिव्ह म्हणून धरू नये. औषध कोणतं आणि कधी थांबवलं ही नोंद नमुन्याच्या फॉर्मवर असायलाच हवी.

गणिती
"नमुना किती पुरेसा" हा प्रश्न इथे निघणारच, म्हणून आकडे देतो. मोठ्या कळपात किमान एक पॉझिटिव्ह पक्षी ९५ टक्के खात्रीने नमुन्यात यावा यासाठी लागणारे पक्षी:

कळपात ५० टक्के बाधित असतील तर ५
१० टक्के असतील तर २९
५ टक्के असतील तर ५९
१ टक्का असतील तर २९९

बोटांवर करायचा हिशोब: ३ ला प्रमाणाने भागा. ५ टक्के म्हणजे ०.०५, ३ भागिले ०.०५ बरोबर ६०.

हे आकडे चाचणी कधीच चुकत नाही असं धरून आहेत. चाचणी १०० बाधित नमुन्यांपैकी ७०च पकडत असेल तर ५ टक्क्यांचे प्रत्यक्षात ३.५ टक्के होतात आणि ५९ ऐवजी ८५ पक्षी लागतात. साल्मोनेलासाठी १० क्लोअकल (गुदद्वारातले) स्वॅब घेऊन "शेड स्वच्छ" म्हणणं किती पोकळ आहे ते यातून कळेल. १० स्वॅबनी २६ टक्के किंवा त्याहून जास्त बाधा असेल तर ती पकडली जाईल एवढीच हमी. बूट स्वॅब इथे जिंकतो, कारण एका फेरीत तो शेकडो पक्ष्यांची विष्ठा गोळा करतो.

कॅम्पिलोबॅक्टरमध्ये कळप भरल्यावर प्रमाण ५० टक्क्यांच्या कितीतरी वर असतं. तिथे १० ताज्या विष्ठा किंवा सीकम पुरतात. मात्र संसर्ग शिरून एक-दोनच दिवस झाले असतील तर नाही.

निळावंती
@गणिती, एक पुस्ती. हे गणित नमुना यादृच्छिक आहे असं धरतं. हाताशी येतील ते पक्षी पकडले तर संथ, मागे पडलेले पक्षी जास्त येतात. शेडचे सहा-आठ भाग पाडून प्रत्येकातून ठराविक संख्या घ्यावी.

अगर-मगर
आता लॅबची बाजू. आयएसओ ६५७९-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे विष्ठा आणि शेडच्या नमुन्यांसाठी साल्मोनेलाचा रस्ता असा: बीपीडब्ल्यू या वाढीच्या द्रवात एक रात्र, मग एमएसआरव्ही या माध्यमाच्या अर्धघट्ट प्लेटवर, मग एक्सएलडी आणि आणखी एक घट्ट माध्यम, मग खात्री.

पहिली पायरी सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त बिघडणारी. दोन जोड्या बूट स्वॅबना २२५ मिली बीपीडब्ल्यू. स्वॅब पूर्ण बुडला पाहिजे, तूस जास्त असेल तर द्रव वाढवा. बीपीडब्ल्यू फ्रिजमधून काढून थेट ओतू नका. एवढा थंड द्रव इन्क्यूबेटरमध्ये ३७ अंशांना यायला काही तास लागतात आणि १८ तासांतले तेवढे तास वाया. आधी खोलीच्या तापमानाला आणा. हलक्या हाताने फिरवा, जोरात ढवळू नका. ३४ ते ३८ अंश, १८ तास, दोन इकडे-तिकडे.

मग एमएसआरव्ही. त्यात नोव्होबायोसिन हे प्रतिजैविक असतं, ते प्रोटियस या दुसऱ्या जिवाणूला आवरतं. बीपीडब्ल्यूचे ०.१ मिली, तीन थेंबांत, प्लेटवर वेगवेगळ्या जागी. ४१.५ अंश, २४ तास. निगेटिव्ह दिसली तर आणखी २४ तास. प्लेट पालथी घालायची नाही, माध्यम जेमतेम धरलेलं असतं, घसरतं. सरळ ठेवायची आणि उचलताना तिरकी करायची नाही.

साल्मोनेला पोहतो, म्हणून तो थेंबापासून बाहेर सरकत जातो. प्लेट उजेडासमोर धरली की थेंबाभोवती राखाडी-पांढुरकं, दुधाळ वलय दिसतं आणि त्याला ठळक कड असते. लूप (जिवाणू उचलायची तारेची कडी) त्या कडेच्या अगदी बाहेरच्या टोकाला टेकवायचा. थेंबाच्या जागेवरून उचललं तर बाकी सगळी गर्दी हाताला लागते आणि एक्सएलडीवर साल्मोनेला हरवतो. १ मायक्रोलिटरचा लूप, अगदी हलका स्पर्श.

प्लेट फार कोरडी असेल तर वलय पसरत नाही, फार ओली असेल तर थेंब एकमेकांत मिसळतात. झाकण उघडं ठेवून तासन्‌तास वाळवलेल्या प्लेट मी तरी नाकारतो.

एक्सएलडीवर लालसर कॉलनी (जिवाणूंचा पुंजका), मध्ये काळा ठिपका. सिट्रोबॅक्टर आणि प्रोटियसही काळा ठिपका देतात, म्हणून तेवढ्यावर रिपोर्ट नाही. युरियेज निगेटिव्ह म्हटल्यावर प्रोटियस बाद. लायसिन डीकार्बोक्सिलेज पॉझिटिव्ह म्हटल्यावर सिट्रोबॅक्टर बाद. मग ओ आणि एच सीरमने साल्मोनेलाचा प्रकार, म्हणजे सीरोटाइप.

सगळं धरून निगेटिव्ह रिपोर्टला तीन-चार दिवस, पॉझिटिव्हला पाच-सहा. लिफ्टिंग ३८व्या दिवशी असेल तर ३५व्या दिवसाचा नमुना कधीच वेळेत येणार नाही, साधं कॅलेंडरचं गणित आहे. साल्मोनेलासाठी २६ ते २८व्या दिवशी घ्या.

खुराडा
एक शंका. एमएसआरव्ही पोहण्यावर चालतं म्हणता. मग पुलोरम आणि गॅलिनॅरम हे साल्मोनेलाचे प्रकार?

अगर-मगर
ते पोहतच नाहीत, दोघांनाही शेपट्या नाहीत. त्यामुळे एमएसआरव्हीवर ते दिसणार नाहीत. पांढरी हगवण किंवा फाऊल टायफॉइडचा संशय असेल तर पक्ष्यांचे अवयव, सेलेनाईटसारखं द्रव माध्यम आणि वेगळी विनंती. माणसांच्या विषबाधेत या दोघांचा वाटा नगण्य असल्याने अन्नसुरक्षेच्या पाळतीत ते न दिसणं चालतं. पण "साल्मोनेला निगेटिव्ह" या शिक्क्याचा अर्थ लावताना हे लक्षात असू द्या.

घाईगडबड
एवढे दिवस कशाला? पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) लावा, दुसऱ्या दिवशी उत्तर.

पेट्रीडिश
लावा, पण कुठे लावायचा ते बघून. थेट विष्ठेवर पीसीआर केला तर साल्मोनेलाची मूळ संख्याच कमी असल्याने निसटतो. वर विष्ठेतले पित्तक्षार आणि तुसातले ह्युमिक पदार्थ अभिक्रिया अडवतात. त्यासाठी प्रत्येक नळीत अंतर्गत कंट्रोल (अभिक्रिया चालली हे दाखवणारी खूण) हवा. तो कंट्रोलही उमटला नाही तर निकाल "अवैध" लिहायचा, निगेटिव्ह नाही. बीपीडब्ल्यूमध्ये एक रात्र वाढवल्यावर केलेला पीसीआर मात्र चांगला चालतो, साधारणपणे साल्मोनेलाच्या इनव्ही-ए जनुकावर. निगेटिव्ह गाळायला तो वापरा, पॉझिटिव्ह आलेले त्याच बीपीडब्ल्यूतून कल्चरला (जिवाणू वाढवून बघायला) न्या. जिवंत जिवाणू हाती असल्याशिवाय सीरोटाइप नाही, प्रतिजैविक प्रतिकाराची चाचणी नाही, आणि लसीचा स्ट्रेन की शेडमधला, हेही सांगता येत नाही.

कॅम्पिलोबॅक्टरचं उलट. तिथे संख्या इतकी असते की थेट विष्ठेवर किंवा बूट स्वॅबवर पीसीआर बऱ्यापैकी काम देतो, आणि वाटेत जिवाणू मेला तरी डीएनए उरतो. शंकासुरांच्या शेडला खरं तर हाच उपाय आहे. नॉर्वेचा कार्यक्रम याच धर्तीवर चालतो: उन्हाळ्याच्या महिन्यांत कत्तलीआधी काही दिवस नमुना, पीसीआर, आणि पॉझिटिव्ह कळपाचं मांस गोठवून किंवा उष्णता देऊनच बाजारात.

शंकासुर
आणि कॅम्पिलोबॅक्टर कल्चरच करायचा असेल तर नमुना कोणता?

निळावंती
शेडमध्ये: ताजी पडलेली सीकमची विष्ठा. ती ओळखायला सोपी, नेहमीच्या विष्ठेसारखी पांढरी टोपी नसते. गडद तपकिरी, चिकट, चॉकलेटसारखी. पडल्या पडल्या उचला, पृष्ठभागावर साय धरलेली नको. छोट्या डबीत काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा राहत नाही. स्वॅब घ्यायचा तर कोळसा असलेल्या एमीज किंवा कॅरी-ब्लेअर या वाहतुकीच्या माध्यमात खुपसा. उन्हापासून दूर, ४ अंशांच्या आसपास, आणि लॅबमध्ये शक्यतो २४ तासांत, फार तर ४८. डीप फ्रीझर नको! गोठवल्याने संख्या एक-दोन लॉगने (दहा ते शंभर पटींनी) पडते. बर्फाची थैली डबीला थेट चिकटू देऊ नका, मध्ये कागदाची घडी घाला.

कत्तलखान्यात: अख्खं सीकम, दोन्ही बाजूंना बांधून. पक्ष्याने दिलेली हवाबंद पिशवीच ती. १० पक्ष्यांची घेऊन लॅबमध्ये बाहेरून अल्कोहोलने पुसायची, टोक कापायचं आणि आतला माल पिळून एकत्र करायचा.

कल्चरसाठी एमसीसीडीए ही निवडक माध्यमाची प्लेट, ४१.५ अंश, ४४ तास, ५ टक्के ऑक्सिजन आणि १० टक्के कार्बन डायऑक्साइड. विष्ठा आणि सीकमसाठी थेट प्लेटवर रेघाटायचं. आयएसओ १०२७२-१ मधली सी पद्धत. संख्या इतकी असताना आधी वाढवत बसलं तर बाकीचे जिवाणूच पुढे जातात.

अगर-मगर
यात भर. ईएसबीएल (सेफॅलोस्पोरिन गटाच्या प्रतिजैविकांना न जुमानणारे) ई. कोलाय असलेल्या कळपांत एमसीसीडीए तुडुंब भरते, कारण त्यातलं सेफोपेराझोन हे प्रतिजैविक या ई. कोलायला लागू पडत नाही. करड्या, चपट्या, ओलसर कॉलनींऐवजी सगळीकडे फुगीर पांढुरकी साय. अशा वेळी लॅबने "कॅम्पिलोबॅक्टर नाही" लिहिणं चूक. "वाचता आली नाही" लिहावं. कातडीसारख्या, कमी संख्या आणि जास्त गर्दीच्या नमुन्यांना बोल्टनपेक्षा प्रेस्टन माध्यम बरं, त्यात पॉलीमिक्सिन आणि रिफॅम्पिसिन आहे.

खात्री सोपी: ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, सूक्ष्मदर्शकाखाली मळसूत्रासारखी गिरकी, २५ अंशांना हवेत वाढ नाही. हिप्पुरेट चाचणीने कॅम्पिलोबॅक्टरच्या जेजुनाय आणि कोलाय या जाती वेगळ्या होतात, जरी काही जेजुनाय हिप्पुरेटला दाद देत नाहीत. कॉलनी उचलून प्लेट उघडी ठेवून चहाला गेलात तर परत येईपर्यंत गिरकी थांबलेली असते.

खुराडा
कॅम्पिलोबॅक्टर २८व्या दिवशी निगेटिव्ह आणि ३८व्या दिवशी पॉझिटिव्ह, हे इतकं सर्रास का होतं?

तूसगादी
मधल्या काळात शेडमध्ये माणसं शिरतात म्हणून. अर्धी लिफ्टिंग (थोडे पक्षी आधी उचलणं) हे मोठं कारण. पकडणारी टोळी, तिचे बूट, दुसऱ्या शेडवरून आलेले क्रेट, गाडीची चाकं. उरलेला कळप आठवडाभर आणखी राहतो आणि तेवढा वेळ कॅम्पिलोबॅक्टरला पुरतो. म्हणून अर्ध्या लिफ्टिंगआधी एक नमुना आणि शेवटच्या लिफ्टिंगच्या दोन-तीन दिवस आधी दुसरा. पहिला निगेटिव्ह आणि दुसरा पॉझिटिव्ह आला की दोष कुठे आहे ते समजतं. क्रेट धुतल्यावर कोपऱ्यांचे स्वॅब घेऊन बघा. धुतलेला क्रेट ओला असतो, आणि ओल कॅम्पिलोबॅक्टरला मानवते.

दुसरं कारण माश्या. डेन्मार्कमध्ये शेडच्या हवेच्या खिडक्यांना माशीरोधक जाळ्या लावून प्रयोग झाला. जाळीवाल्या शेडमध्ये १५.४ टक्के कळप पॉझिटिव्ह, बिनजाळीच्या शेडमध्ये ५१.४ टक्के. जाळी धुळीने बुजते आणि हवा अडते, तेव्हा पंख्यांचा हिशोब करूनच लावा.

साल्मोनेलासाठी माश्यांपेक्षा तुसातले काळे किडे आणि उंदीर वाईट. दोन बॅचच्या मधे शेड रिकामी, धुतलेली असते तेव्हा किडे भिंतीच्या फटीत जाऊन बसतात आणि नवं तूस पडलं की खाली उतरतात.

पेट्रीडिश
धुतल्यानंतरच्या तपासणीचा विषय निघालाच आहे तर: जंतुनाशक फवारून वाळल्यावर स्वॅब घेतला की सगळं निगेटिव्ह येतं, कारण स्वॅबबरोबर जंतुनाशकही बाटलीत जातं आणि तिथे काम चालू ठेवतं. ओलावायच्या द्रवात उतारा हवा. क्लोरीनला सोडियम थायोसल्फेट. चतुर्थक अमोनियमला लेसिथिन आणि ट्वीन ८०. ग्लुटरअल्डिहाइड-फॉर्मलिनला सोडियम बायसल्फाइट किंवा ग्लायसिन. काय फवारलं ते लॅबला कळवा, किंवा सगळ्यांना चालणारा डे-एंगली द्रव वापरा.

आणि स्वॅब चकचकीत फरशीच्या मधोमध घेऊ नका. फरशी-भिंतीचा सांधा, फरशीतल्या भेगा, खाद्याच्या हॉपरचं तळ, पंख्याच्या झडपा, निपल लाइनचं शेवटचं टोक. साल्मोनेला सापडायचा तर इथेच.

निळावंती
पिल्लांबरोबर साल्मोनेला आला का, हे बघायचं तर पहिल्याच दिवशी, पेट्यांच्या तळाचे कागद. किमान पाच-सहा पेट्यांचे, विष्ठेचे डाग असलेले. प्रवासात मेलेली पिल्लंही सोबत पाठवा. पहिल्या दिवशी निगेटिव्ह आणि २७व्या दिवशी पॉझिटिव्ह म्हणजे शेड, खाद्य किंवा पाणी. पहिल्याच दिवशी पॉझिटिव्ह असेल तर शेड कितीही धुवा, मूळ हॅचरीत (अंडी उबवणी केंद्रात) किंवा ब्रीडरमध्ये (पिल्लांच्या आई-बापांच्या कळपात).

खाद्याबद्दल: गोणीतले चार मुठी दाणे तपासून काही हाती लागत नाही, साल्मोनेला खाद्यात गुठळीसारखा एखाद्या कोपऱ्यात असतो. त्यापेक्षा गिरणीतल्या कूलरची धूळ आणि कूलरच्या आत पाणी साचून चिकटलेला थर घ्या. पेलेट (खाद्याची दाबलेली गोळी) तापून निघतं तेव्हा स्वच्छ असतं, कूलरमध्ये थंड होताना पुन्हा घाण होतं. आणि खाद्यात सेंद्रिय ऍसिड घातलं असेल तर बीपीडब्ल्यूचा पीएच मोजा. खाली घसरला असेल तर साल्मोनेला असूनही दबून राहतो.

गणिती
कत्तलखान्याचे निकष थोडक्यात, तुलना करताना लोक घोळ घालतात म्हणून. युरोपात थंड केलेल्या १५ कोंबड्यांच्या मानेच्या कातडीचे साधारण १० ग्रॅमचे तुकडे, तीन-तीन एकत्र करून २५ ग्रॅमचे पाच नमुने. दहा फेऱ्यांचे मिळून ५०. साल्मोनेला ५० पैकी ५ पर्यंत चालतो. कॅम्पिलोबॅक्टर दर ग्रॅमला १,००० च्या वर गेलेले नमुने २०१८ साली ५० पैकी २० पर्यंत चालत, २०२० पासून १५, २०२५ पासून १०.

अमेरिकेत अख्खी कोंबडी पिशवीत घालून ४०० मिली द्रवात एक मिनिट हलवतात आणि ते धुवण तपासतात. कातडीचा आकडा दर ग्रॅमला, धुवणाचा दर मिलीला. एकाला दुसऱ्यात बदलायचं कोणतंही सरळ सूत्र नाही, कृपया एकाच तक्त्यात भरू नका.

पेट्रीडिश
आणि धुवणासाठीही उताराच लागतो. कोंबडी परऍसिटिक ऍसिड या जंतुनाशकाच्या टाकीतून येते, थेंब गळत असतात आणि ते ऍसिड नमुन्याच्या बाटलीत जातं. म्हणून २०१६ पासून अमेरिकी तपासनीस साधा बीपीडब्ल्यू सोडून थायोसल्फेट, लेसिथिन आणि बायकार्बोनेट घातलेला वापरतात. नमुन्याआधी कोंबडी निथळू द्यायची, हे वेगळं सांगायला नकोच.

घाईगडबड
साल्मोनेला पॉझिटिव्ह आल्यावर औषध देऊन निगेटिव्ह करून पाठवता येत नाही का?

निळावंती
नाही. औषधाने विष्ठेतली संख्या तात्पुरती पडते, वाहक पक्षी राहतात, औषध थांबलं की पुन्हा टाकतात. वर प्रतिकारक्षम जिवाणू निवडून वाढवल्यासारखं. इन्फँटिससारख्या सीरोटाइपमध्ये अनेक औषधांना दाद न देणारे गुण एकाच मोठ्या प्लास्मिडवर (जिवाणूतल्या सुट्या डीएनए-कड्यावर) बसलेले सापडतात. कोणतंही एक औषध दिलं तरी सगळी मोळी टिकते.

करायचं ते असं. तो कळप त्या दिवशी सगळ्यात शेवटी कापायचा, म्हणजे यंत्रांवरून पुढच्या स्वच्छ कळपांवर जाणार नाही. सीरोटाइप करून घ्यायचा. एंटरिटिडिस, टायफिम्युरियम किंवा त्याचा एकच एच टप्पा असलेला प्रकार निघाला तर ब्रीडर आणि हॅचरीकडे उलट तपास. जिवंत लस दिली असेल तर स्ट्रेन वेगळा करून बघायचा. तूस शेजारच्या शेडवरून ओढत न्यायचं नाही. आणि पुढच्या बॅचआधी त्या शेडमध्ये धुतल्यानंतरचे स्वॅब निगेटिव्ह आल्याशिवाय पिल्लं टाकायची नाहीत.

शंकासुर
बरंच सुटलं. साल्मोनेलासाठी २७व्या दिवशी दोन जोड्या ओले बूट स्वॅब, आणि कॅम्पिलोबॅक्टरसाठी ३५व्या दिवशी सीकमची ताजी विष्ठा, पीसीआर. दोन्ही एकाच थंड पेटीतून पाठवू?

अगर-मगर
दोन्ही एकाच दिवशी घेतच नाही आहात, मग एक पेटी कशी? 🙂 पण कधी एकत्र पाठवावी लागलीच तर थंड पेटी दोघांनाही चालते. बूट स्वॅबला खोलीचं तापमान खपतं, पण २५ अंशांच्या वर आणि उन्हात नको. तापलेल्या पिशवीत बाकीचे जिवाणू वाढतात आणि साल्मोनेलाला मागे टाकतात.

शंकासुर
शेवटचं. लॅबने सगळं नीट केलं हे बाहेरून कसं कळणार? निगेटिव्ह रिपोर्ट सगळे सारखेच दिसतात.

अगर-मगर
विचारा की प्रत्येक खेपेला पॉझिटिव्ह कंट्रोल (मुद्दाम साल्मोनेला टाकलेला नमुना) लावता का, कोणता, आणि किती जिवाणूंचा. लाखांनी टाकलेला कंट्रोल कशावरही उगवतो. बीपीडब्ल्यूच्या बाटलीत मोजके काही टाकले आणि ते शेवटपर्यंत सापडले तर पद्धत चालते असं म्हणायचं. कंट्रोल म्हणून साल्मोनेला नॉटिंगहॅमसारखा ब्रॉयलरमध्ये क्वचितच आढळणारा सीरोटाइप असावा. तुमच्या नमुन्यात कधी नॉटिंगहॅम निघाला तर तो शेडमधला नव्हे, लॅबच्या टेबलावरून उडालेला. कंट्रोल म्हणून एंटरिटिडिसच वापरत असतील तर हा फरक त्यांनाही करता येणार नाही आणि तुम्हालाही.

आणि एक निगेटिव्ह कंट्रोलही: न वापरलेला, ओला केलेला बूट स्वॅब, तुमच्याच पेटीतून, दुसऱ्या नमुन्यांसारखंच लेबल लावून. लॅबला सांगायचं नाही.